ओस्लाच्या खांद्यावरचा दिवा

ओस्ला हॅलक्रो पंधरा दिवसांची रजा काढून घरी आली, त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. अ‍ॅबरडीनमध्ये एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला होती. तिथल्या भाड्याच्या खोलीत तिचा एक कोट, दोन पातेली आणि एक सायकल राहिली होती. दुकानात दूध घ्यायला आली की ती कधीतरी मला त्या सायकलीबद्दल सांगायची, जणू मागच्याच आठवड्यात तिथे लावून आली आहे.

रजा काढायचं कारण तिचा धाकटा भाऊ. हॅकी जानेवारीत रॅस्मी इस्बिस्टरच्या बोटीवरून पाण्यात पडला. अंगात लाइफ जॅकेट होतं, जॅकेटला दिवाही होता. पण तो दोरी ओढून लावायचा दिवा होता, आणि शेटलंडच्या जानेवारीच्या पाण्यात माणसाची बोटं थोड्याच वेळात लाकडाची होतात. रॅस्मीची बोट अंधारात त्याच्या जवळून दोनदा गेली होती, असं पुढे चौकशीत निघालं. हॅकी सापडला तेव्हा ती दोरी त्याच्या दातांत होती.

त्या दिवसापासून तिचे वडील, गिबी हॅलक्रो, रॅस्मीशी बोलले नाहीत. जॅकेटं रॅस्मीची होती, बोट त्याची होती, गिबींना तेवढं पुरे होतं. त्याआधी दोघं एकाच धक्क्यावर बोटी बांधायचे, एकमेकांची जाळी विणून द्यायचे, गिबी बारा वर्षांनी मोठे असूनही अरे-तुरे चालायचं. नंतर रॅस्मीनं मासेमारी सोडली आणि आमच्याच खाडीत दोरांवर शिंपले वाढवायला घेतले. त्याची बोट रोज गिबींच्या खिडकीसमोरून जायची. गिबी तेवढ्यापुरती मान वळवायचे.

पंधरा दिवसांनी ओस्लाची आई म्हणाली, आणखी आठवडाभर रहा. मग आईनं बोलणंच कमी केलं, जेवण कमी केलं, आणि सहा वर्षांनी ती गेली. वडिलांना एकट्याला कसं सोडायचं, असं म्हणत आणखी वर्षं गेली. चार वर्षांपूर्वी गिबींच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. त्यानंतर कुणी काही म्हणायचा प्रश्नच उरला नाही. सकाळी ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांचं जेवण रांधायची, तेवढा वेळ नेटा नावाची मदतनीस बाई घरी असायची. बाकीचा दिवस आणि रात्र ओस्लाची. शनिवारी नेटा बारा ते सव्वादोन यायची. आठवड्यातले एवढे सव्वादोन तास ओस्लाचे स्वतःचे होते.

मी हामरव्होमध्ये दुकान चालवते, टपालाची खिडकीही माझ्याकडेच आहे. आमचा सात जणांचा कयाकचा, म्हणजे एकेकट्यानं वल्हवायच्या निमुळत्या होड्यांचा, गट आहे. ओस्लाला पहिल्यांदा पाण्यावर मीच नेलं. तेव्हा ती त्रेचाळीसची होती. मला वाटलं होतं, घाबरेल. ती खाडीच्या मधोमध गेली, वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि नुसती बसली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही. इथून हाक ऐकू येत नाही."

गिबींनी तिला बंदी केली नाही. खुर्ची खिडकीशी सरकवून घेतली, गळ्यात दुर्बीण अडकवली आणि सांगितलं, "जायचं तर जा. पण जॅकेटला दिवा पाहिजे. आपोआप पेटणारा."

तो दिवा त्यांनीच कॅटलॉगातून मागवला. पाणी लागलं की पेटणारा, आणि एकदा पेटला की लुकलुकत राहणारा. बोटीवरच्या माणसाला तो बरोबर आहे. बोटीवर माणूस कोरडा असतो, ओला झाला म्हणजे पडला. कयाकमध्ये मात्र माणूस निघाल्यापासूनच ओला असतो. साधी लाट छातीवर फुटली की ओस्लाच्या खांद्यावर दिवा लखलख करायला लागायचा, आणि घरी खिडकीत गिबी तटरक्षकांना फोन लावायचे.

असं तीनदा झालं. तिन्ही वेळा बचाव पथकाची माणसं धावत आली. ती सगळी आमच्याच भागातली, हातातलं काम टाकून आलेली. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. तिसऱ्यांदा त्यांच्यातली एक बाई गिबींच्या स्वयंपाकघरात चहा घेत म्हणाली, "तुम्ही दर वेळी फोन करा. शंभर वेळा करा. आम्हाला त्याचा त्रास नाही." ती मनापासून बोलत होती. पण गिबी स्वतः चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. ते कपाकडे बघत राहिले. पथक गेल्यावर ओस्लाला म्हणाले, "तो दिवा फेकून दे."

"म्हणजे मी जायचं नाही?"

"मी तसं म्हणालो नाही. दुसरा बघ. विल्माला विचार."

म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी तीन दिवे घेऊन त्यांच्याकडे गेले. ओस्लानं वाळवलेल्या मटणाचं सूप केलं होतं, ते जेवून झालं. मी दिवे मेणकापडावर मांडले. पहिला डोकं पिळून लावायचा. दुसऱ्याला मधोमध रबरी बटण. तिसरा बुटका, त्याला रुंद खटका, एक घर वर सरकवला की सरळ उजेड, दुसरं घर सरकवला की लुकलुक.

गिबींनी प्रत्येक दिवा उजव्या हातात घेऊन पाहिला. झाकणातला वायसर नखानं उचकटून पाहिला. सेलच्या डबीचा वास घेतला. "खारं पाणी आत गेलं तर?"

"दर वेळी धुवून, सेल काढून ठेवायचे," मी म्हणाले. "महिन्यातून एकदा पेटवून बघायचा. खांद्याच्या पट्ट्यावर, जितका उंच बसेल तितका. आणि दोरीनं बांधलेला, निसटला तरी जाणार नाही असा."

"हे सगळं कोरड्या हातानं." ते ओस्लाकडे वळले. "बादली आण. समुद्राचं पाणी. विल्माच्या फ्रीझरमधला बर्फ घाल."

बर्फाची पिशवी त्यांनी मला आधीच सांगून आणवली होती. कशासाठी, ते मला तेव्हा कळलं.

ओस्लानं पाण्यावरचे हातमोजे चढवले. "मोजे काढ," गिबी म्हणाले.

"पाण्यावर माझ्या हातात मोजे असतात, बाबा."

"हॅकीच्याही होते. काढ."

तिनं दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत बादलीत घातले. गिबींनी खिशातलं घड्याळ काढून मेणकापडावर ठेवलं. "दहा मिनिटं."

दुसऱ्या मिनिटाला तिचा चेहरा आक्रसला. चौथ्या मिनिटाला ती बादलीकडे बघायची थांबली आणि भिंतीकडे बघू लागली. मी म्हणाले, "बस झालं, गिबी. समजलं सगळ्यांना."

"तू गप्प बस, विल्मा. बादलीत तुझे हात नाहीत."

"तुमचेही नाहीत," ओस्ला भिंतीकडे बघतच म्हणाली.

गिबी घड्याळ बघत राहिले. खिडक्या बंद, शेगडी पेटलेली, आणि ती खुर्चीत वाकून, हात अडकल्यासारखी. मला वाटलं, ही एकोणीस वर्षं अशीच बसली आहे, आज फक्त बादली दिसतेय.

दहा मिनिटं झाली. हात बाहेर आले ते लालभडक आणि ताठ. पिळायचा दिवा तिनं दोन्ही पंज्यांत धरला, तो साबणासारखा सटकला आणि गडगडत कपाटाखाली गेला. कुणी उचलायला उठलं नाही. गिबींनी तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि त्यांना हॅकीचे हात दिसताहेत, ते मला कळलं. बाहेर तर काहीच नव्हतं.

बटणाच्या दिव्यावर तिनं अंगठा दाबला. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला.

"लागला का?" तिनं विचारलं.

"तुला कळत नाही?"

"बोटांना काही लागतच नाहीये, बाबा. कळणार कसं?"

तिसरा तिनं तळहाताच्या खालच्या गादीनं ढकलला. खटका वर गेला. सरळ पांढरा उजेड थेट गिबींच्या डोळ्यांवर पडला. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"आता जॅकेट घाल. पट्ट्यावर लाव. आणि दातांनी लावून दाखव."

"काय?"

"ऐकलंस तू."

तिनं जॅकेट चढवलं. दिवा मीच पट्ट्यावर अडकवला, कारण तिची बोटं अजून वळत नव्हती. तिनं मान तिरकी केली, खटका दातांत धरला आणि वर ढकलला. दिवा पेटला. गिबींनी घड्याळ खिशात टाकलं.

"हा," ते म्हणाले. "हाच घे. आणि परत येताना खाडीच्या तोंडाशी त्या खडकाळ टोकाला वळसा घातलास की लावायचा. सरळ उजेड. अडीचला मला खिडकीतून दिसला पाहिजे. दिसला की मला कळेल तू येतेयस."

"म्हणजे हजेरी लावायची."

"हजेरी म्हण."

ती मला गाडीपर्यंत सोडायला आली तेव्हा हात काखेत खुपसलेले होते. म्हणाली, "शेवटी दिवा त्यांनीच निवडला ना, विल्मा?"

"दिवा चांगला आहे," मी म्हणाले.

नोव्हेंबरचे तीन शनिवार सगळं ठरल्यासारखं झालं. अडीचला टोकाशी उजेड दिसायचा, पावणेतीनला ती दारात असायची. नेटा गेल्यानंतरचा तेवढा अर्धा तास गिबी एकटे खिडकीशी बसायचे. चौथ्या शनिवारी मी तिच्यासोबत जाणार होते. माझी मदतीची मुलगी आजारी पडली आणि मी दुकानात अडकले. एकटी जाऊ नकोस, असं मी तिला फोनवर म्हणाले. ती म्हणाली, "आज नाही गेले तर मागच्या शनिवारपासून पुढच्यापर्यंत चौदा दिवस होतात. मी मोजलंय." मी जास्त ताणून धरलं नाही. ते मला अजून टोचतं.

वाजले असतील साडेतीन. बाहेर अंधारून आलं होतं. आमच्याकडे त्या दिवसांत तेव्हाच दिवस संपतो. दुकानाचा फोन वाजला.

"विल्मा, रॅस्मी इस्बिस्टरचा नंबर दे."

आवाज गिबींचा होता. ते नाव त्यांच्या तोंडून मी एकोणीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मी नंबर सांगितला आणि विचारलं, "ओस्ला कुठे आहे?" फोन ठेवलेला होता.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांना तसंच सोडून मी गाडीत बसले. बसल्या बसल्या तटरक्षकांना फोन केला. ते म्हणाले, निघतोच. पण जीवरक्षक बोट यायला पाऊण तास, हेलिकॉप्टर दुसरीकडे गेलेलं. मी सहा मिनिटांत गिबींकडे पोहोचले.

नेटा सव्वादोनला निघून गेली होती. खोलीत दिवा नव्हता. गिबी खिडकीशी बसलेले, मांडीवर फोन, वर्तमानपत्राच्या कडेला नंबर लिहिलेला.

"केलात फोन?"

"नाही."

"गिबी, अडीचला दिवा दिसायला हवा होता. आता पावणेचार होताहेत."

"मला घड्याळ कळतं. तीनला वाटलं, उशीर झाला असेल. सव्वातीनला वाटलं, ती माणसं चौथ्यांदा येतील, चहा घेतील, काही बोलणार नाहीत. मग अंधार पडला."

मी बाहेर पाहिलं. खाडीत एकच उजेड होता. रॅस्मीची बोट दोरांपाशी उभी होती आणि तिच्या डेकवर पिवळा दिवा जळत होता. टोकापासून ती दहा मिनिटांच्या आत होती.

"मी लावते नंबर," मी म्हणाले.

"नको. मीच लावतो."

त्यांनी एका बोटानं एकेक आकडा दाबला. डावा हात चालत नाही म्हणून फोन मोठ्या आवाजावर मांडीतच ठेवला.

"इस्बिस्टर आहेत का?"

"बोलतोय. कोण?"

"गिबी हॅलक्रो."

पलीकडे इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग रॅस्मी म्हणाला, "बोला."

"माझी मुलगी टोकामागे गेली आहे. कयाकनं. तिचा दिवा दिसला नाही."

"किती वाजल्यापासून?"

"अडीच."

"अडीच?" घरघर वाढली, त्यानं इंजिन जोरात केलं असावं. "तुम्ही सव्वा तास नुसते... बरं. राहू दे ते. टोकामागं लाटा मोठ्या आहेत आज, दुपारपासून वाढल्यात. पश्चिमेला कुठंतरी वादळ आहे. ऐका, त्या बाजूला घळी किती? मी तिकडं कधी खेकड्यांचे सापळे टाकले नाहीत. गिबी, ऐकतोयस ना? तू टाकायचास."

"चार," गिबी म्हणाले. "पहिल्या दोन उथळ. तिसरी आत वळते, सुळक्याच्या मागं. आत गुहा आहे. तिसरीत बघ, रॅस्मी. ती तिथं बसते."



"तुला कसं ठाऊक?" रॅस्मीनं विचारलं.

"टोकाआड जाऊन परत दिसेपर्यंत तिला जितका वेळ लागायला हवा, त्यापेक्षा पाव तास जास्त लागतो. दर शनिवारी. त्या बाजूला पाव तास शांत बसता येईल अशी ती एकच जागा आहे. बघ तू."

पुढचं मला ओस्ला आणि रॅस्मी या दोघांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं.

ओस्ला खरंच तिथं बसायची. ते ती कुणाला सांगत नसे, मलासुद्धा नाही. आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर गिबींच्या खिडकीतून न दिसणारी, आणि तिला गाठता येईल एवढ्या अंतरावरची ती एकच जागा होती. गुहेत शिरायचं, कयाक वळवून तोंड बाहेर करायचं आणि पाव तास कुणाची कुणी न होता बसायचं. त्या शनिवारी ती आत गेली तेव्हा पाणी संथ होतं. मग बाहेरून पाच-सहा उंच लाटा ओळीनं आल्या. घळीचं तोंड पांढरं झालं. तिसऱ्या लाटेनं कयाक उचलून भिंतीवर घातली, चौथीनं तिला बाहेर फेकलं. कयाक मधोमध चिरली. ओस्ला पोहत, आपटत गुहेच्या मागच्या अंगाला एका कट्ट्यावर चढली. कट्टा एका माणसापुरता होता.

वायरलेस तिच्या जॅकेटमध्येच होता. पण चारी बाजूंनी कडा, त्याचा आवाज कुठं पोहोचेना. तिनं खांद्यावरचा दिवा लावला. हात बधिर होते, तळव्यानं ढकलला. सरळ उजेडात तिला पहिल्यांदा नीट दिसलं की ती कुठे आहे. आणि हेही दिसलं की तिच्या डोक्याच्या वर हातभर उंचीपर्यंत भिंतीला ओलं शेवाळ लोंबतंय. म्हणजे भरतीला पाणी तिथवर येतं. भरती सुरू होती.

"ते बघितल्यावर मी दिवा लुकलुकता केला," ती मला म्हणाली. "बाहेर कुणाला दिसेल अशी आशा म्हणशील तर फारशी नव्हती. मला ते शेवाळ बघायचं नव्हतं."

पण लुकलुक आणखी वाईट. प्रत्येक लखलखाटात गुहा एकदा उभी राहायची आणि नाहीशी व्हायची, आणि दर वेळी पाणी थोडं जवळ आलेलं असायचं. डोकं गरगरायला लागलं. तिनं डोळे मिटून घेतले आणि भिंतीला गाल लावून उभी राहिली. पाणी घोट्याला, मग पोटरीला, मग गुडघ्याला. मी तिला विचारलं, त्या वेळी मनात काय आलं? ती म्हणाली, "बाबांना तीनला बाथरूमला न्यायचं असतं. तेच. आता तीन वाजून गेले असतील, त्यांना कुणी नेलं नसेल. दुसरं काही येतच नव्हतं, विल्मा. तिथंसुद्धा मी घरीच होते."

रॅस्मीला बाहेरून ती दिसली नाही. गुहा आत वळते. पण घळीची डावी भिंत ओली होती, आणि ती भिंत अंधारात दर सेकंदाला पांढरी होत होती. त्यानं बोट जितकी जवळ नेता येईल तितकी नेली आणि भोंगा वाजवला. आतून ओरडल्याचा आवाज आला. जीवरक्षक बोटीनं वायरलेसवर सांगितलं, अजून पंचवीस मिनिटं. रॅस्मीनं भिंतीवरची पाण्याची रेघ पाहिली आणि ठरवलं की तेवढा वेळ नाही.

त्याच्याकडे शिंपल्यांच्या दोरांचे मोठे काळे फुगे होते. एकाला लांब दोर बांधून त्यानं तो आत जाणाऱ्या लाटेवर सोडला. पहिल्यांदा फुगा परत आला. दुसऱ्यांदाही. चौथ्यांदा तो वळणावरून आत गेला आणि दोर ताठ झाला.

"धरला!" ओस्ला आतून ओरडली.

"जॅकेटच्या कडीत अडकव. अडकवलास?"

"हो."

"आता खाली उतर."

उत्तर आलं नाही.

"ओस्ला, उतर. लाट परत फिरेल तेव्हा ओढतो. कट्टा सोडावा लागेल."

"नाही सोडवत."

रॅस्मी कमी बोलणारा माणूस. त्यानं काय सांगून तिला उतरवलं ते मी दोघांनाही विचारून पाहिलं. रॅस्मी म्हणाला, आठवत नाही. ओस्ला म्हणाली, "तो म्हणाला, हॅकीच्या वेळी मी दोनदा जवळून निघून गेलो होतो. आज मी इथून हलणार नाही, तू ये किंवा येऊ नकोस."

ती उतरली. तोंडाशी लाटेनं तिला एकदा खडकावर घेतलं, दोन बरगड्या मोडल्या, खांदा सोलवटला. पण ती बाहेर आली. सव्वाचार वाजले होते. रॅस्मीनं फोन केला तेव्हा गिबींनी मला खूण केली, तूच घे. मी ऐकलं आणि सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "मला बाथरूमला जायचंय, विल्मा. मघापासून." मी नेलं.

गावातल्या इस्पितळात तिला दोन रात्री ठेवलं. तेवढे दिवस नेटा आणि मी आळीपाळीनं गिबींकडे होतो. तिसऱ्या दिवशी मी तिला घरी आणलं. ती कोट न काढताच त्यांच्यासमोर उभी राहिली. रॅस्मीकडून तिला सगळं कळलं होतं.

"तुम्हाला ती जागा माहीत होती."

"होती."

"कधीपासून?"

"पहिल्या उन्हाळ्यापासून."

"आणि बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तू दुसरी शोधली असतीस. मला न कळणारी."

मी चहाचं आधण ठेवायला वळले. मागे काही आवाज येईना म्हणून मान वळवली, तर ती तशीच उभी होती. मग तिनं कोट काढला, बाही सरसावली आणि त्यांची उशी नीट केली.

चार दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. मोडलेल्या बरगड्यांनिशी त्यांना उठवत होती, भरवत होती, पुसत होती, आणि एक शब्द नाही. न बोलता दुसऱ्याचं अंग पुसणं म्हणजे काय, ते मी नेटाकडून ऐकलं. तिला त्या घरात थांबवेना. पाचव्या दिवशी गिबी म्हणाले, "सूप अळणी झालंय." ओस्ला म्हणाली, "मीठ तुमच्या उजव्या हाताला आहे." तिथून पुन्हा सुरू झालं.

नाताळ उलटल्यावर एका शनिवारी रॅस्मी बादलीभर शिंपले घेऊन त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. आत जायचं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. गिबी खुर्चीतून म्हणाले, "दार लाव. वारा येतोय." कुठल्या बाजूनं लावायचं ते त्यांनी सांगितलं नाही. रॅस्मीनं आत येऊन लावलं.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला, नेटा आली तेव्हाच. मग दर शनिवारी यायला लागला. दोघं रेडिओवर फुटबॉलचा सामना ऐकत बसतात. हॅकीचं नाव निघालं की नाही मला माहीत नाही, नेटाच्या कानावर तरी आलेलं नाही. गिबी म्हणतात, "रॅस्मी फार बडबडतो." नेटा म्हणते, दोन तासांत तो तीनदा बोलला असेल, त्यातलं एक "साखर" होतं. पण त्याच्याशी बोलायचं म्हणून गिबींना खुर्ची थोडी वळवावी लागते, आणि मग खिडकी त्यांच्या पाठीशी येते.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी ओस्लानं गटाची एक कयाक मागून घेतली. डॉक्टरनं परवानगी दिली होती. तिनं ती गाडीच्या टपावर बांधली आणि धक्क्यावर गेली. मी अर्ध्या तासानं सहज डोकावले. गाडी होती, कयाक टपावर तशीच बांधलेली. जवळ गेले तर काचांवर आतून वाफ धरलेली. ती सीट मागे पाडून, जॅकेट अंगावर पांघरून झोपली होती. तोंड किंचित उघडं. मी काचेवर हात ठेवला आणि परत काढून घेतला. दोन वाजता ती उठली, बाहीनं काच पुसली आणि घरी गेली.

दुसऱ्या शनिवारीही तसंच. गाडी, वाफ, झोप. दुकानात आली तेव्हा मी त्याबद्दल काही बोलले नाही, तीही बोलली नाही. दूध घेतलं, गिबींच्या गोळ्या घेतल्या, शाळेत सोमवारी मटारचं सूप आहे म्हणाली.

तिसऱ्या शनिवारी बारानंतर मी धक्क्यावर गेले तेव्हा गाडी तिथेच होती. काचा स्वच्छ होत्या. आत ती नव्हती, आणि टपावर कयाकही नव्हती.